हौशी नाटकाच्या ऑडिशनला जाताना

महाराष्ट्रातल्या हौशी नाट्यसंस्थांच्या ऑडिशन बहुतांशी पावसाळ्यात होतात. शासनाच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाच्या वतीने होणाऱ्या राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी बहुतेक वर्षी दिवाळीच्या आगेमागे निरनिराळ्या केंद्रांवर सुरू होते, आणि दिवसभर नोकरी-धंदा करणाऱ्या मंडळींना दोन अंकी नाटक उभे करायला दोन-तीन महिन्यांच्या संध्याकाळी तरी लागतातच. १९५४ साली सुरू झालेल्या या स्पर्धेभोवती अनेक गावांच्या नाटकाचे वर्ष आजही फिरते. म्हणून ज्याला काम करायची इच्छा आहे त्याने जून-जुलैमध्येच गावातल्या संस्थांकडे चौकशी करावी. जाहिरातीची वाट पाहू नये, कारण पुष्कळदा निरोप व्हॉट्सॲपवरच फिरतो, आणि काही ठिकाणी तर ऑडिशन असे नाव न देता नुसते ‘नाटकाचे वाचन आहे, या’ एवढेच सांगितले जाते. त्या वाचनातच भूमिका ठरत असतात.

जाण्यापूर्वी स्वतःच्या तारखा पाहाव्यात. परीक्षा, घरातले लग्न, रात्रपाळी यांपैकी जे असेल ते पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगावे. हौशी संस्थेत मानधन नसते किंवा नाममात्र असते, त्यामुळे दिग्दर्शकाची सगळी भिस्त माणसांच्या उपस्थितीवर असते. उत्तम अभिनय करणारा पण आठवड्यातून दोनदा गैरहजर राहणारा नट आणि साधारण वकुबाचा पण रोज वेळेवर येणारा नट यांत अनुभवी दिग्दर्शक दुसऱ्याला निवडतो, आणि माझ्या मते ते योग्यच आहे. आपणही विचारून घ्यावे : तालीम कुठे होते, किती वाजेपर्यंत चालते, प्रवासखर्च आणि कपडेपट कोणाकडे. रात्री उशिरा घरी पोचवण्याची काय सोय आहे, हे मुलींनी संकोच न करता विचारावे. नीट चालणाऱ्या संस्थेला या प्रश्नाचा राग येत नाही.

तयारी म्हणून दीड-दोन मिनिटांचा एखादा उतारा पाठ असावा. गाजलेली स्वगते टाळावीत, कारण ती ऐकताना समोरच्याच्या कानात मूळ नटाचाच आवाज घुमत राहतो आणि तुमचा स्वतःचा ऐकूच येत नाही. आपल्या वयाच्या, आपण रोज पाहतो अशा माणसाचे बोलणे निवडावे, आणि त्यात रडण्या-ओरडण्यापेक्षा काहीतरी मागणे, लपवणे किंवा पटवणे असावे.

खरी कसोटी मात्र हातात ऐनवेळी दिलेल्या पानांची असते. पाने मिळाली की आपली वाक्ये घोकत बसू नये. आधी समोरच्या पात्राची वाक्ये वाचावीत, कारण आपण जे बोलणार त्याचे कारण तिथे असते. समजा, तुमच्या वाट्याला ‘बाबा जेवले का?’ एवढेच वाक्य आले आहे. बाबा सकाळीच रागावून ताटावरून उठले असतील, तर ते वाक्य दबक्या आवाजात, स्वयंपाकघराकडे पाहत येईल. घरात पाहुणे बसले असतील, तर तेच सहज विचारल्यासारखे येईल. प्रसंग कळत नसेल तर दिग्दर्शकाला विचारावे. वाचताना कागद छातीपाशी धरावा, तोंडासमोर नको, आणि समोरचा बोलत असताना त्याच्याकडे पाहावे. पुढचे वाक्य शोधण्यासाठी कागदात डोके घालून बसणारा नट ऐकत नाही, हे लगेच दिसते.

नवख्या नटांचा सर्वांत मोठा दोष म्हणजे वाक्याचा शेवट खाणे. मराठीत क्रियापद शेवटी येते, ‘नाही’सुद्धा बहुधा शेवटीच येते. ‘मी त्याला पैसे दिले नाहीत’ यातला शेवटचा शब्द गळला की अर्थ उलटाच होतो. त्यामुळे श्वास शेवटपर्यंत पुरवावा आणि खोलीतल्या सर्वांत लांबच्या माणसाला ऐकू जाईल असे बोलावे. तेवढ्यासाठी ओरडायची गरज नसते. मालवणी किंवा वऱ्हाडी बोलीतली भूमिका असेल आणि ती बोली तुमची नसेल, तर तसे सांगून प्रमाण मराठीत वाचावे. ओढूनताणून आणलेली बोली त्या भागातल्या माणसाला फार खटकते. संगीत नाटकासाठी जाणाऱ्याने आपली पट्टी, म्हणजे पेटीची कोणती काळी किंवा पांढरी पट्टी ‘सा’ धरून आपल्याला गाता येते, ते माहीत करून घ्यावे, म्हणजे पेटीवाल्याला ‘काळी एक’ किंवा ‘काळी पाच’ असे नेमके सांगता येईल.

एकदा वाचून झाल्यावर दिग्दर्शक बहुधा म्हणतो, ‘आता हेच जरा वेगळे करून बघ.’ याचा अर्थ तुमचे चुकले असा नसतो. सूचना घेऊन तुम्ही किती बदलू शकता हे त्याला पाहायचे असते, कारण पुढचे दोन महिने त्याला हेच करायचे आहे. तेव्हा स्पष्टीकरण देत बसू नये, सांगितलेली गोष्ट लगेच, थोडी जास्तच करून दाखवावी.

भूमिका न मिळाल्यास प्रॉम्प्टिंग (नट वाक्य विसरला की आडून ते सुचवणे) किंवा रंगमंच व्यवस्था करण्याची तयारी दाखवावी, पण मनापासून वाटत असेल तरच. प्रॉम्प्टर रोज हजर असतो, सर्वांची वाक्ये आणि हालचाली त्याला ठाऊक होतात, आणि प्रयोगाआधी एखादा नट आजारी पडला की दिग्दर्शक बहुधा पहिल्यांदा त्याच्याकडेच वळून पाहतो.