गावात माणसे किती, आणि कोणत्या महिन्यात? लहान गावाचा आराखडा करताना

ग्रामपंचायत विकास आराखडा करायला बसल्यावर बहुतेक ठिकाणी पहिल्याच ओळीत २०११ च्या जनगणनेतील लोकसंख्या उतरवली जाते आणि पुढची सगळी गणिते त्या आकड्यावर उभी राहतात. तो आकडा जुना आहे, ही झाली लहान अडचण. मोठी अडचण अशी की नाशिक जिल्ह्यातील अनेक गावांना वर्षभर एकच लोकसंख्या नसतेच. पेठ, सुरगाणा आणि हरसूल परिसरातील पाडे भात-नागलीच्या हंगामात भरलेले असतात आणि दिवाळीनंतर रिकामे होऊ लागतात. तीच माणसे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला आलेली असतात. एका गावाची घट ही दुसऱ्या गावाची वाढ आहे आणि दोन्ही ठिकाणच्या आराखड्यांत ही माणसे बहुधा नसतात.

म्हणून सर्वांत आधी घरनिहाय आणि महिनानिहाय तक्ता करावा. प्रत्येक घरापुढे बारा रकाने आखून कोणत्या महिन्यात किती माणसे गावात असतात ते लिहावे आणि त्यांपैकी सहा वर्षांखालील, शाळेच्या वयाची व साठीपुढची किती हे वेगळे दाखवावे. आशा सेविकेची कुटुंबांची यादी, अंगणवाडीची सर्वेक्षण नोंदवही आणि शाळेचे हजेरीपत्रक एकमेकांशी ताडून पाहिल्यास बराचसा तक्ता घरोघर न फिरताही भरतो. मात्र ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदींवर विसंबू नये. जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथे होते. बाळंतपण तालुक्याच्या किंवा नाशिकच्या रुग्णालयात झाले की ते मूल गावच्या वहीत येत नाही. मृत्यू मात्र बरेचसे गावातच होत असल्याने वही पाहणाऱ्याला गाव आहे त्याहून वेगाने ओसरत असल्याचे वाटते. मुलांची खरी संख्या अंगणवाडीत मिळते.

या तक्त्याचा पहिला उपयोग पाण्यासाठी करावा. जल जीवन मिशनचे प्रमाण माणशी दररोज ५५ लिटर आहे. बागायती पट्ट्यातील ६०० वस्तीच्या गावाला त्या हिशेबाने ३३,००० लिटर पुरतात; परंतु छाटणीपासून काढणीपर्यंत तिथे २५० मजूर राहत असतील, तर गरज ४६,७५० लिटरवर जाते. टाकी या मोठ्या आकड्यावर धरावी. शौचालये आणि कचरा यांचा हिशेबही याच आकड्याने करावा, नाहीतर बांधावरच्या झोपड्यांतील माणसांचा भार कोणाच्याच खाती पडत नाही.

वाढत्या गावात जागेचा प्रश्न पैशाच्या आधी सोडवावा लागतो. शहरालगतच्या किंवा सिन्नर-इगतपुरीसारख्या महामार्ग व औद्योगिक वसाहतीजवळच्या गावात बिगरशेती भूखंड पडू लागले की दोन-चार वर्षांत दर असे चढतात की अंगणवाडीसाठी दोन गुंठेही विकत घेणे ग्रामपंचायतीच्या आवाक्यात राहत नाही. त्यामुळे टाकी, स्मशानभूमी आणि कचरा प्रकल्प यांसाठी गावठाण व गायरानातील जागा नकाशावर आधीच दाखवून ग्रामसभेचा ठराव करून ठेवावा. नव्या घरांची नोंद नमुना ८ मध्ये, म्हणजे घरपट्टी आकारणीच्या नोंदवहीत, वेळच्या वेळी घ्यावी. चार वर्षांनी होणाऱ्या फेरआकारणीची वाट पाहिली, तर तोवर वाढीचा खर्च जुन्या घरांच्या करातून भागवावा लागतो.

ओसरत्या गावाचा आराखडा करणे अधिक अवघड आहे, कारण घट मान्य करणे कोणत्याही सरपंचाला राजकीयदृष्ट्या परवडत नाही. तरीही पटसंख्या उतरत असताना नवी वर्गखोली मागण्याऐवजी आहे त्या इमारतीचे छप्पर दुरुस्त करावे, एखादी खोली आरोग्य उपकेंद्राच्या भेटीच्या दिवसासाठी ठेवावी आणि मागे राहणाऱ्या वृद्धांची औषधे, रेशन व पेन्शन घरपोच कशी होतील हे लिहावे. आई-वडिलांबरोबर कामाच्या गावी जाणाऱ्या मुलांना शाळेने शिक्षण हमी पत्रक (मुलाच्या शिक्षणाची नोंद असलेले कार्ड) द्यावे, म्हणजे दिंडोरीकडच्या शाळेत त्यांना प्रवेश मागताना अडचण येत नाही. अनेक गावे-पाडे मिळून झालेल्या गट ग्रामपंचायतीत तर प्रत्येक पाड्याचा तक्ता वेगळा असावा. एक पाडा वाढत असतो आणि शेजारचा रिकामा होत असतो.

राहिला प्रश्न वेळेचा. आराखड्याच्या बैठका साधारणपणे २ ऑक्टोबरनंतर सुरू होतात आणि २६ जानेवारीच्या ग्रामसभेपर्यंत लांबतात, म्हणजे स्थलांतर करणारी माणसे नेमकी गावाबाहेर असताना. गणपूर्तीला, म्हणजे सभा वैध ठरायला, सर्वसाधारण क्षेत्रात १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल ती पुरते, त्यामुळे सभा कागदोपत्री होऊन जाते. पाड्यांच्या गावांनी तक्ता आणि मागण्यांची यादी १५ ऑगस्टच्या ग्रामसभेतच वाचून घ्यावी. भाताची आवणी (लावणी) उरकलेली असते आणि माणसे घरी असतात. बागायती गावांनी उलट करावे: मजुरांच्या टोळ्या आणणाऱ्या मुकादमांना २६ जानेवारीच्या सभेला बोलावून पाणी आणि शौचालयांबद्दल त्यांच्याकडून ऐकून घ्यावे.