भिडे पूल, डोंगलवरचा लॅपटॉप आणि माझा पहिला वेबसॉकेट सर्व्हर

बीएस्सी करून पुण्यात आले तेव्हा नवी पेठेत खोली मिळाली. गल्लीत सगळी स्पर्धा परीक्षेवाली मंडळी, अभ्यासिका, झेरॉक्स आणि मेस. त्यात रोज सकाळी लॅपटॉप पाठीला लावून बाणेरची बस धरणारी मी एकटीच.

पहिलंच काम मिळालं ते गाड्यांचं. चाकणच्या कारखान्यांचा माल नेणाऱ्या सुमारे 400 गाड्या नकाशावर हलताना दाखवायच्या. गाड्यांची माहिती एका गेटवेकडे जमायची, तिथून वेबसॉकेटने (दोन्ही बाजूंना सतत उघडं राहणारं कनेक्शन) आमच्या नोडच्या (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं साधन) सर्व्हरकडे यायची, आणि आम्ही ती सगळ्या डॅशबोर्डांना पाठवायची. मी सरळसोट लिहिलं: मेसेज आला की जोडलेल्या प्रत्येकाला सेंड. जेमतेम दहा ओळी. डेमो झकास झाला.

आठवड्याभरात रोज पहाटे सर्व्हर पडायला लागला. मी हीपचा, म्हणजे जावास्क्रिप्टच्या वस्तू राहतात त्या मेमरीचा, आकडा बघत बसले, तो तर ठणठणीत. दोन दिवस वाया गेल्यावर टीममधल्या सीनियर ताईने विचारलं, "आरएसएस बघितलास का?" आरएसएस म्हणजे प्रोसेसने प्रत्यक्ष व्यापलेली सगळी मेमरी. नोडमधले बफर, म्हणजे बाइट साठवायच्या जागा, हीपच्या बाहेर राहतात. आरएसएस चढत चढत जायचा आणि शेवटी लिनक्सच प्रोसेस मारून टाकायचं. हे कुठल्याही क्लासमध्ये मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून तुम्हाला सांगून ठेवते.

मेमरी खात होता एका कारखान्याच्या गेटवरचा लॅपटॉप. वॉचमनच्या केबिनमध्ये डोंगलवर चालणारा, रात्रभर डॅशबोर्ड उघडा. हिशेब साधा आहे. 400 गाड्या, प्रत्येकीचा साधारण 300 बाइटचा मेसेज, दर 2 सेकंदांनी. म्हणजे सेकंदाला 60 केबी. डोंगल जेमतेम 10 केबी ओढायचं. उरलेले 50 केबी आमच्या मेमरीत साचायचे, तासाला 180 एमबी. सेंड कधीच नाही म्हणत नाही. तुम्ही देत राहा, ते घेत राहतं.

त्याच जुलैत एका संध्याकाळी रूममेटबरोबर नदीकाठी गेले होते. भिडे पूल पाण्याखाली, अर्धं पुणे बघायला लोटलेलं. रूममेट सिव्हिलची, जलसंपदाच्या परीक्षेची तयारी करणारी. ती म्हणाली, "वर पानशेत, वरसगाव, टेमघर ही धरणं आणि खाली खडकवासला, तो सगळ्यात लहान. जेमतेम 2 टीएमसीचा. तो भरला की वरच्यांनी पाणी धरून ठेवायचं, नाहीतर त्याने नदीत सोडायचं. तिसरा मार्ग नाही बाई." मी पुलाकडे बघत होते आणि डोक्यात गेटवरचा लॅपटॉप होता.

नोडमधला स्ट्रीम, म्हणजे तुकड्यातुकड्याने वाहणारा डेटा, याच प्रश्नाचं उत्तर आहे: पुढचा भरला तर मागच्याने काय करायचं. राइट केल्यावर, म्हणजे स्ट्रीममध्ये तुकडा लिहिल्यावर, फॉल्स परत आलं तर थांबायचं, ड्रेन ही घटना आली की पुन्हा सोडायचं. किती भरल्यावर फॉल्स द्यायचं त्या खुणेचं नावच हायवॉटरमार्क, म्हणजे आपली पूररेषा. आणि पूररेषेसारखीच ती फक्त रेषा आहे, भिंत नाही. फॉल्सकडे दुर्लक्ष करून तुम्ही लिहीत राहिलात तर नोड मुकाट्याने घेत राहतं. ही रेषा नोड 22 पासून बाइटच्या स्ट्रीमला 64 केबी आहे, त्याआधी 16 होती. ऑब्जेक्ट मोडमध्ये, म्हणजे बाइटऐवजी अख्ख्या वस्तू मोजल्या जातात तेव्हा, 16 ऑब्जेक्ट.

नोडसाठीच्या डब्ल्यूएस या वेबसॉकेट लायब्ररीत क्रिएट-वेबसॉकेट-स्ट्रीम नावाचं फंक्शन आहे. कनेक्शन द्या, दोन्ही बाजूंनी वाहणारा ड्युप्लेक्स स्ट्रीम हातात येतो. वाचणारा मागे पडला की हा स्ट्रीम खालचं सॉकेट थांबवतो, टीसीपीची खिडकी (समोरून अजून किती घेता येईल ती मर्यादा) भरते आणि पाठवणारा आपोआप हळू होतो. मी खुशीत गेटवेचा स्ट्रीम पाइप करून (एकातून निघालेलं दुसऱ्यात ओतत) सगळ्या डॅशबोर्डांना जोडला. आणि सगळेच नकाशे रखडले! एक स्ट्रीम अनेकांना पाइप केला की तो सगळ्यांत मंद असलेल्यासाठी थांबतो. एका डोंगलपायी 400 गाड्या जागच्या जागी.

मग दोन वाटा वेगळ्या केल्या. इतिहास साठवायला गेटवेशी वेगळं कनेक्शन, तिथे डेटाबेसपर्यंत पाइपलाइन. इथे एकही नोंद गाळायची नाही, डेटाबेस दमला तर गेटवेने थांबायचं. त्याच्याकडे डिस्कवर रांग आहे. डॅशबोर्डांसाठी मात्र पाणी सोडून द्यायचं. गाडी चार सेकंदांपूर्वी कुठे होती याच्याशी वॉचमनला काय देणंघेणं? प्रत्येक क्लायंटचा बफर्ड-अमाउंट, म्हणजे अजून पाठवायचं उरलेलं, बघते. ठरवलेल्या आकड्यापुढे गेला तर पाठवणं बंद, आणि एका मॅपमध्ये प्रत्येक गाडीची फक्त ताजी जागा ठेवते. बफर उतरला की तेवढंच पाठवते. नवशिके सगळीकडे पाइप लावतात, मीही लावला. कुठे थांबायचं आणि कुठे गाळायचं हे लायब्ररी ठरवत नाही, धंदा ठरवतो.

आणि स्ट्रीम जोडताना पाइप नाही, पाइपलाइन हे फंक्शन वापरा. पाइपमध्ये मधला एक तुटला तर बाकीचे लोंबकळत राहतात. पाइपलाइन सगळे बंद करते आणि चूक एका जागी हातात देते.

आता मला अख्खी शनिवार-रविवारची सुट्टी खायला लावलेला घोटाळा. लोकलवर सगळं चालायचं, लोड वाढला की जेसन-पार्स (मेसेजच्या मजकुरातून डेटा काढणारं फंक्शन) ओरडायचं: जेसन संपल्यावर पुढे अजून अक्षरं आहेत. लॉगमध्ये मजकूर छापून बघितला तर दोन मेसेज एकमेकांना चिकटलेले. एका गाडीचा महिरपी कंस बंद आणि लगेच दुसरीचा उघडलेला, मध्ये काही नाही. वेबसॉकेटला मेसेजच्या सीमा असतात, बाइटच्या स्ट्रीमला नसतात. मी फॉर-अवेटने, म्हणजे तुकडा येईल तशी फिरणाऱ्या लूपने, वाचत होते. वाचायला उशीर झाला की साचलेले सगळे तुकडे एकत्र मिळायचे. उपाय एका शब्दाचा: स्ट्रीम बनवताना वाचायच्या बाजूला ऑब्जेक्ट मोड. मग एक मेसेज म्हणजे एक तुकडा, आणि मजकूर असेल तर स्ट्रिंगच मिळते.

त्याच फॉर-अवेटमधून ब्रेक केलात तर स्ट्रीम नष्ट होतो आणि त्यासोबत कनेक्शनही तुटतं, निरोप न घेता. समोरच्याला कोड 1006 दिसतो आणि तुम्ही नेटवर्कवाल्यांना शिव्या घालत बसता. (मी घातल्या.) बरोबर साठ सेकंदांनी तुटत असेल तर मात्र मध्ये बसलेल्या एनजिनएक्स या प्रॉक्सीकडे बघा, प्रॉक्सी-रीड-टाइमआउट मुळात 60 सेकंद असतो. सर्व्हरकडून दर तीस सेकंदांनी पिंग (आहेस ना, अशी विचारणा) पाठवा. ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टला पिंग पाठवता येत नाही, त्याचं उत्तर, पाँग, मात्र ब्राउझर स्वतःच देतो.

शिकायचा क्रम विचाराल तर वेबसॉकेट नंतर. आधी एक मुद्दाम हळू लिहिणारा स्ट्रीम बनवा, प्रत्येक तुकड्याला अर्धा सेकंद लावणारा. त्यात मोठी फाइल ओता, एकदा फॉल्स न बघता, एकदा पाइपलाइनने, आणि दोन्ही वेळा आरएसएस छापा. एका दुपारचं काम आहे. पुढच्या नोकरीच्या मुलाखतीत मला नेमकं हेच विचारलं, राइटने फॉल्स दिलं तर काय कराल. मी आकड्यांसकट सांगितलं. ब्राउझरच्या बाजूला असंच थांबवणारी वेबसॉकेटस्ट्रीम नावाची सोय क्रोममध्ये 124 आवृत्तीपासून आहे, पण ती सगळ्या ब्राउझरांत नाही, म्हणून गिऱ्हाइकाच्या कामात मी ती वापरत नाही.

गेटवरचा लॅपटॉप मी तिथली नोकरी सोडेपर्यंत त्याच डोंगलवर होता. त्याच्या नकाशावर गाड्या जरा उड्या मारत जायच्या. वॉचमनकाकांनी त्याबद्दल एकदाही तक्रार केली नाही.