फॉर्म 9 हाती आला, मगच पाया खणला

कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातलं आमचं जांभ्याचं जुनं घर पाडून नवं बांधायचं ठरलं. मेस्त्री ठरला, नकाशा झाला आणि पंचायतीत परवान्याचा अर्ज अडकला. घराच्या नोंदीला अजून आजोबांचंच नाव आणि ई-स्वत्तूमध्ये, म्हणजे कर्नाटकातल्या ग्रामपंचायतींच्या मालमत्तांच्या ऑनलाइन नोंदीत, घर चढलेलंच नव्हतं. घरपट्टीच्या पावत्या वीस वर्षांच्या होत्या, पण पट्टी भरली म्हणजे मालकी सिद्ध होत नाही.

आधी वारसा लावून घेतला. आत्यांच्या सह्या लागल्या, त्यातच दोन महिने गेले. मग मोजणीचा अर्ज केला. भूमापक आले तेव्हा शेजारच्या काकांना मुद्दाम उभं केलं; हद्द त्यांच्यासमोर ठरली हे फार बरं झालं. घर गावठाणात, म्हणून फॉर्म 9 आणि 11ए हे ई-स्वत्तूतल्या नोंदीचे उतारे मिळाले. शेतजमिनीत बिगरशेती न करता पाडलेल्या प्लॉटना 11बी मिळतो, आणि त्यावर बँक कर्जाला सहसा तयार होत नाही. प्लॉट घेणाऱ्यांनी हा एका अक्षराचा फरक आधी बघावाच.

कागद सगळे कन्नडमध्ये. कन्नड शाळेत शिकलेल्या भाचीकडून ओळ न् ओळ वाचून घेतली, तेव्हा चतु:सीमेत पूर्व-पश्चिम उलटी सापडली. ती दुरुस्त करून घेतली.

नकाशाही बदलला. आमच्याकडचा पाऊस बघता पागोळी काकांच्या भिंतीवर पडली असती, म्हणून त्या बाजूला तीन फूट सोडले. परवाना मिळाला. परवा पाया खणला, नारळ काकांनीच फोडला.