लंडनच्या जुन्या पबमध्ये जाताना

जुना पब नीट पाहायचा असेल तर कामाच्या दिवशी दुपारी तीन ते साडेचारच्या दरम्यान जा. जेवणाची गर्दी ओसरलेली असते आणि ऑफिसं सुटायची असतात. पाचनंतर छत, काचा, कोरीवकाम काहीच दिसत नाही, दिसतात फक्त लोकांच्या पाठी. ‘सिटी’ या बँकांच्या भागातले बरेच पब शनिवार-रविवारी बंद असतात, म्हणून वेळ आधी तपासा.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी हाय होबर्नवरच्या ‘प्रिन्सेस लुईझ’पासून सुरुवात करावी. तिथली सजावट १८९१ची आहे: रंगीत फरश्या, नक्षीच्या काचा, आणि बारभोवती छोटे कप्पे पाडणाऱ्या लाकडी भिंती. या भिंती नंतर जुन्या पद्धतीने पुन्हा बसवल्या आहेत. व्हिक्टोरियन काळात वेगवेगळ्या वर्गांतले लोक एकाच छताखाली, पण एकमेकांच्या नजरेआड पीत. ही विभागणी ‘द लॅम्ब’ या दुसऱ्या पबमध्ये आणखी स्पष्ट दिसते. काउंटरवर चेहऱ्याच्या उंचीला फिरत्या नक्षीदार काचा आहेत. त्या बंद केल्या की पिणारा कोण, हे वाढणाऱ्याला कळत नसे.

टेबलाशी बसून वाट पाहू नका, पेय मागायला काउंटरवरच जावं लागतं. रांग दिसत नसली तरी कोण आधी आलं हे बारवरच्या माणसाच्या लक्षात असतं. नोट हलवणं, चुटकी वाजवणं अपमानास्पद वाटतं. नजरानजर झाली की पुरे. तुमच्याआधी आलेला कोणी राहिला असेल तर तसं सांगा, हा मोठेपणा तिथे मानला जातो. सगळ्यांची ऑर्डर एकदम द्या. त्यात गिनेस ही काळी आयरिश बिअर असेल तर ती आधी सांगा, कारण ती दोन टप्प्यांत भरतात आणि मध्ये थांबावं लागतं. पैसे तिथल्या तिथे द्यायचे, टिपची अपेक्षा नसते.

प्यायची ती कास्क एल, म्हणजे पिपातली पारंपरिक बिअर. उंच मुठीच्या हँडपंपाने ओढून देतात ती हीच. तिच्यात यीस्ट जिवंत असतं, शेवटचं आंबणं तळघरातल्या पिपातच होतं, आणि ती ११ ते १३ अंश सेल्सिअसला द्यायची असते. ‘कोमट आहे’ ही तक्रार म्हणूनच चुकीची: बर्फासारखी गार केली तर चवच दबते. पीप उघडलं की आत हवा शिरते आणि साधारण तीन दिवसांत बिअर उतरू लागते. फर्किन या नेहमीच्या पिपात ७२ पिंट असतात. म्हणून रिकाम्या पबमध्ये आठ पंप दिसले तर सावध व्हा, तेवढी बिअर वेळेत खपणार कशी? तीन पंप आणि भरपूर गिऱ्हाईक, हे जास्त भरवशाचं. पंपावरची नावाची पट्टी उलटी फिरवलेली असेल तर ती बिअर संपली आहे. निवड होत नसेल तर चवीपुरती मागा, सहसा आनंदाने देतात.

ग्लास हातात आला की आधी वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास म्हणजे पीप फार दिवस उघडं आहे. मिळमिळीत चव आली तर बिअर शिळी झाली आहे, किंवा रात्रभर नळीत राहिलेली पहिली धार तुमच्या वाट्याला आली आहे. गढूळपणा म्हणजे पीप हललं किंवा तळाला आलं. मात्र काही बिअर मुद्दाम धूसर ठेवतात, म्हणून आधी विचारा. परत करायची तर एक-दोन घोटांतच, हळू आवाजात; चांगल्या पबमध्ये वाद न घालता बदलून देतात. अर्धा ग्लास संपवून केलेली तक्रार कोणालाच पटत नाही. शाकाहारी असाल तर हेही विचारा: बिअर निवळायला माशाच्या वाताशयापासून केलेला पदार्थ अनेक ठिकाणी वापरतात.

सोबत असाल तर ‘राउंड’ पाळा. कोणी तुमच्यासाठी घेतलं की पुढची फेरी तुमची. पिंट ५६८ मिलीलिटरची असते, त्यामुळे चार जण असाल तर प्रत्येकी चार पिंट सहज होतात. कमी प्यायचं असेल तर सुरुवातीलाच सांगा, किंवा हाफ, म्हणजे अर्धी पिंट मागा. सॉफ्ट ड्रिंक घेऊनही राउंडमध्ये राहता येतं. शेवटच्या ऑर्डरची घंटा वाजली की हवं ते लगेच मागून घ्या. दुसरी घंटा वाजल्यावर काही मिळत नाही. मग हातातलं संपवायला प्रथेप्रमाणे वीसेक मिनिटं देतात, आणि निघताना रिकामे ग्लास काउंटरवर आणून ठेवले तर कर्मचाऱ्यांना बरं वाटतं.