टाचदुखीवर शॉकवेव्ह घ्यायची असेल तर

सकाळी पलंगावरून उतरताना पहिलं पाऊल टेकलं की टाचेत कळ, चार पावलं चाललं की जरा बरं, आणि दुपारी बसून उठलं की पुन्हा तेच. ही तक्रार घेऊन येणाऱ्यांच्या हातात बहुतेक वेळा एक्स-रे असतो आणि तोंडी ठरलेलं वाक्य: "ताई, हाड वाढलंय, मशीननं फोडून द्या." मी इंदुरात फिजिओथेरपी करते, आणि माझा निम्मा वेळ हे समजावण्यात जातो की शॉकवेव्हनं, म्हणजे यंत्रातून टाचेवर दिलेल्या जोरदार ठोक्यांच्या लहरींनी, हाड फुटत नाही आणि ते फोडायची गरजही नसते. एक्स-रेत दिसणारा तो काटा टाच अजिबात न दुखणाऱ्या कितीतरी लोकांच्याही पायात असतो. दुखतं ते टाचेपासून बोटांपर्यंत जाणाऱ्या जाड पट्ट्याचं, प्लांटार फॅशियाचं, टाचेला चिकटलेलं टोक.

गैरसमजाला कारणही आहे. या लहरी आधी मुतखड्यासाठी आल्या. १९८० मध्ये म्युनिकला त्यांच्यानं माणसाच्या पोटातला खडा पहिल्यांदा फोडला. टाचेसाठीच्या यंत्राला अमेरिकेत २००० साली मान्यता मिळाली, पण इथलं काम वेगळं. बारीक, जोरदार ठोके देऊन जुन्या, रेंगाळलेल्या दुखऱ्या जागेला पुन्हा भरून यायला लावायचं. विजेचा करंट नसतो, त्यामुळे 'झटके' लागतील ही भीती सोडा.

दुखायला लागून महिनाच झाला असेल तर शॉकवेव्ह मागूच नका. बहुतेकांची टाच व्यायाम, योग्य चप्पल आणि धीर एवढ्यावर वर्षभरात शांत होते. निदान तीन महिने, शक्यतो सहा, हे नीट करूनही दुखत असेल तर यंत्राचा विचार करायचा. 'नीट' म्हणजे काय, ते आता सांगते, कारण घोडं इथेच अडतं.

पलंगावरून उतरायच्या आधी दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर घ्या. पाचही बोटं हातानं नडगीकडे ओढा. दुसऱ्या हाताचा अंगठा तळव्यावर फिरवला की ताणलेली दोरी लागते, ती लागली तरच ताण बरोबर बसलाय. दहापर्यंत मोजा, दहा वेळा, दिवसातून तीनदा. दुसरा व्यायाम पायरीवरचा: टॉवेलची गुंडाळी बोटांखाली, टाच पायरीबाहेर, कठडा धरून तीन सेकंदांत वर, दोन सेकंद थांबा, तीन सेकंदांत खाली. हा एक दिवसाआड. माझ्याकडे एक हलवाईकाका यायचे, सराफ्यात, म्हणजे इंदुरातल्या रात्रीच्या खाऊबाजारात, रात्रभर कढईसमोर उभे, पायात झिजून पापड झालेली हवाई चप्पल. त्यांना मी आधी जाड तळाची सँडल घ्यायला लावली, मगच यंत्राचं नाव काढलं.

घरातल्या चपलेवरून तर माझ्याकडे येणाऱ्या काकूंशी माझी दर आठवड्याला वादावादी. संगमरवरी फरशीवर दिवसभर अनवाणी, आणि "घरात चप्पल? शिव शिव!" तोडगा साधा आहे: एक जोड फक्त घरातली, कधीही उंबऱ्याबाहेर न गेलेली. देवघराशी काढा, स्वयंपाकघरात घाला. ओट्याशीच तर तासन्‌तास उभं राहायचं असतं.

यंत्राकडे वळण्याआधी डॉक्टरांकडून निदान पक्कं करून घ्या. टाच दोन्ही बाजूंनी दाबल्यावर जोरात दुखली तर हाडाला बारीक चीर असू शकते. मुंग्या किंवा आग होत असेल तर नस दबलेली असू शकते. वय तिशीच्या आत, दोन्ही टाचा आणि सकाळी पाठही आखडलेली असेल तर संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवा. पोटात बाळ असेल, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, रक्त गोठण्याचा आजार असेल, पायात गाठ किंवा जंतुसंसर्ग असेल, पेसमेकर असेल, गेल्या दीड महिन्यात टाचेत स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं असेल, तर विचारायची वाट न बघता स्वतःहून सांगा. शुगरवाल्यांच्या तळव्याची संवेदना आधी नायलॉनच्या बारीक तंतूनं तपासायला हवी. कुठे दुखतंय हे पेशंटच सांगतो, त्यावरच आमचा नेम ठरतो. सुन्न पायावर तो चुकतो.

सिटिंग अशी असते. तुम्ही पालथे झोपता, पाय उशीवर. मी अंगठ्यानं टाचेच्या आतल्या कडेनं दाबत जाते. एका ठिकाणी पेशंट पाय ओढून घेतोच, तिथे पेनानं खूण. मग जेल आणि हँडपीस, म्हणजे यंत्राचा हातात धरून टाचेवर टेकवायचा भाग. टकटकटक असा आवाज, जवळ बसलेल्याला बोलणं ऐकू येत नाही इतका. दाब दीड बारपासून (बार हे दाबाचं माप) सुरू करून हळूहळू दोन-अडीचवर नेते, साधारण दोन हजार ठोके, पाच-सात मिनिटांत संपतं. पहिले दोन-तीनशे ठोके जड जातात, पुढे जागा जरा बधिर होते. दहापैकी सहा-सातच्या वर दुखलं तर बोला, दात आवळून पडू नका. जागा बधिर करणारं इंजेक्शन मात्र मागू नका, त्यानं परिणाम कमी होतो.

आठवड्याला एक, अशा तीन ते पाच सिटिंग पुरतात. दहाचं पॅकेज आधीच पैसे भरून घेऊ नका, एकेकीचे द्या.

दोन दिवस लाली, थोडं काळंनिळं, जास्त ठणका हे चालतं. दुखलं तर पॅरासिटामॉल. सूज उतरवणाऱ्या गोळ्या आणि बर्फ त्या काळात मी टाळायला सांगते, कारण भरून येण्याची सुरुवात त्या सुजेतूनच होते. पण हृदयासाठी दिलेली ॲस्पिरिन वगैरे स्वतःच्या मनानं बंद करायची नाही. दोन दिवस पळणं, उड्या नकोत. नवरात्रात गरबा ठरलेला असेल तर सिटिंग दसऱ्यानंतर सुरू करा, उगाच दोन्हीचा विचका होतो.

खरा फरक शेवटच्या सिटिंगनंतर सहा ते बारा आठवड्यांत दिसतो. तिसऱ्या सिटिंगलाच "काही उपयोग नाही" म्हणून बंद करणारे फार. रोज सकाळच्या पहिल्या पावलाच्या दुखण्याला दहापैकी गुण द्या आणि कॅलेंडरवर लिहा. पायरीवरचा व्यायाम चालूच ठेवायचा, तो सोडून नुसते ठोके घेणाऱ्यांची टाच परत दुखताना मी पाहिली आहे.

तीन महिन्यांनी आकडा जागचा हलला नसेल तर पुन्हा ठोके नकोत. हाडांच्या डॉक्टरांकडे जा, सोनोग्राफीत पट्ट्याची जाडी मोजून घ्या (चार मिलिमीटरच्या वर गेली की जाड धरतात), आणि निदान नव्यानं तपासा. ऑपरेशनपर्यंत फार थोड्यांना जावं लागतं. त्या भेटीला रोजची जुनी चप्पल घालूनच जा, तळ कुठे झिजलाय हे बघून डॉक्टरांना बरंच कळतं.