सेंट पॅट्रिक्स डे आयरिश घरात करतात तसा कसा करायचा (हिरवी बिअर सोडून)

दरवर्षी मार्च आला की मला भारतातून दोनतीन तरी मेसेज येतात, पार्टी ठेवलीय, हिरवी बिअर कशी करतात सांग. अरे बाबांनो, इथे आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात मी सहा वर्षं राहतोय, कुणाच्या घरी हिरवी बिअर बघितलेली नाही. हिरवी बिअर, हिरवी नदी, ते सगळं अमेरिकेचं. शिकागोवाले १९६२ पासून नदीत रंग टाकतायत. इथला मूळ सण आहे चर्च, जेवण आणि कोटावर एक पानांचा झुबका, बस. माझ्या शेजारी ऐंशी पार केलेली एक आजी राहते (हाक नावानेच मारतो, इथे तशीच पद्धत आहे), तिच्याकडे बघून आणि थोडं वाचून जे कळलं ते सांगतो.

आधी एवढं माहीत पाहिजे की १७ मार्च ही पॅट्रिकची पुण्यतिथी मानतात. पाचव्या शतकातला माणूस, आणि गंमत म्हणजे जन्माने आयरिश नाहीच, रोमन ब्रिटनमधला. सोळाव्या वर्षी आयरिश लुटारूंनी पळवून आणला, सहा वर्षं गुलाम म्हणून जनावरं राखली, पळून घरी गेला आणि पुढे बिशप होऊन परत त्याच लोकांकडे आला. हे त्याने स्वतः लॅटिनमध्ये लिहून ठेवलंय. त्याने आयर्लंडमधून साप हाकलल्याची गोष्ट मात्र सोडून द्या, हिमयुगानंतर आयर्लंडमध्ये साप पोचलेच नव्हते. आणि पॅट्रिकचं नाव छोटं करून लिहिताना पॅडी लिहा, पॅटी लिहिलंत तर इथले लोक खरंच चिडतात.

तयारी आदल्या दिवशी सुरू होते, म्हणजे शॅमरॉक आणायचा. ही क्लोव्हर नावाच्या गवतासारख्या रानटी झाडाची पानं, तीन पानांचा, बारीक. चार पानांचा तो लकी क्लोव्हर, त्याचा इथे संबंध नाही. कुठली नेमकी वनस्पती म्हणजे शॅमरॉक यावर आयरिश लोकांचंच एकमत नाही, १९८८ मध्ये लोकांकडून नमुने मागवून पाहणी केली तेव्हा पिवळ्या फुलाचा बारीक क्लोव्हर सगळ्यात जास्त निघाला, त्याच्या मागोमाग पांढऱ्या फुलाचा. आजी मागच्या अंगणातून मुळासकट उपटते, ओल्या पेपरात गुंडाळून रात्रभर ठेवते आणि सकाळी सेफ्टी पिनने कोटाला डावीकडे लावते. एक पान लावायचं नाही, चांगला झुबका पाहिजे. दुपारपर्यंत तो कोमेजून मेथीच्या जुडीसारखा दिसायला लागतो, तरी काढायचा नाही. पूर्वी हाच शॅमरॉक छोट्या डब्यात घालून परदेशी गेलेल्या मुलांना पोस्टाने पाठवायचे. पॅट्रिकने त्या तीन पानांवरून पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा समजावला म्हणतात, पण त्याच्या स्वतःच्या लिखाणात तसं काही नाही, ती गोष्ट लेखी सापडते ती थेट १८व्या शतकात. मुलं पूर्वी कागदाचे क्रॉस करून छातीवर लावायची, रंग घरचेच, अंड्याचा पिवळा बलक, गवताचा रस. पोरं घरात असतील तर हे जरूर करून बघा, फक्त बलकाचा वास येतो.

सकाळी चर्च. हा दिवस आयर्लंडमधल्या कॅथलिकांसाठी सक्तीच्या मिसाचा (चर्चमधल्या सामूहिक प्रार्थनेचा) आहे, १९०३ पासून सरकारी सुट्टीही. बऱ्याच ठिकाणी मिसाचा काही भाग आयरिश भाषेत असतो आणि शॅमरॉकला आशीर्वाद देतात. बाहेर पडल्यावर एकमेकांना म्हणायचं, लॉ एला पॉड्रिग सना डिट, म्हणजे सेंट पॅट्रिक्स डेच्या शुभेच्छा. त्यात एक फ लिहितात आणि उच्चारत नाहीत, पहिल्या वर्षी मी तो जोरात उच्चारला आणि आजी पाच मिनिटं हसत होती.

आता जेवण, इथे जरा थांबू. १७ मार्च कायम लेंटमध्ये येतो, म्हणजे ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपास. जुन्या काळी हा उपास कडक, मांस नाही, कित्येक घरांत दूधअंडीही नाहीत, चहा कोरा. आणि मधेच हा एक दिवस सूट! श्रावणात मधेच एक दिवस मटणाची परवानगी मिळाली असती तर आपल्याकडे काय झालं असतं विचार करा, तेच इथे व्हायचं.

ताटात बेकन आणि कोबी. बेकन म्हणजे आपल्याला माहीत असलेल्या पातळ पट्ट्या नाही, मिठात मुरवलेल्या डुकराच्या मांसाचा अख्खा तुकडा. तो रात्रभर पाण्यात ठेवायचा, सकाळी ते पाणी फेकायचं, नाहीतर खारट ढोण होतं. नवीन पाण्यात मंद आचेवर एक किलोला साधारण तासभर. मांस काढलं की त्याच पाण्यात कोबी दहापंधरा मिनिटं, सगळी चव तिथेच आहे. बटाटे सालासकट उकडायचे, फुटून पिठूळ झाले पाहिजेत, आणि वर लोणी, मैदा, दुधाचा पांढरा सॉस, त्यात भरपूर पार्सली (कोथिंबिरीसारखी दिसणारी पानं). कॉर्न्ड बीफ (मिठात मुरवलेलं गोमांस) करू नका, तो न्यूयॉर्कमधल्या आयरिश लोकांचा प्रकार. डुक्कर खात नसाल तर लँब रोस्टही चालतो, इथे कितीतरी घरांत तोच असतो.

सोबत सोडा ब्रेड. ४५० ग्रॅम मैदा (अर्धी कणीक घेतली तर जास्त छान), एक चमचा खायचा सोडा, एक चमचा मीठ, साडेतीनशे ते चारशे मिली ताक. ताक म्हणजे जेवणानंतर पितो ते पाणीदार नको, आंबट दही थोडं पाणी घालून घुसळा. ताकातलं आम्ल आणि सोडा भेटले की लगेच बुडबुडे सुटतात, म्हणून ओव्हन आधीच तापलेला पाहिजे. आणि मळायचं नाही! मी पहिल्यांदा सवयीने पोळीच्या कणकेसारखं मस्त तिंबलं, तेलाचा हात लावून झाकूनसुद्धा ठेवलं, आणि जे बाहेर आलं त्याने दाराला अडसर लावता आला असता. हाताची बोटं पंजासारखी करून एक मिनिट फिरवा, गोळा ओबडधोबडच राहू द्या, वर सुरीने खोल क्रॉस मारा. आजी म्हणते त्यातून पऱ्या बाहेर जातात, माझ्या मते आतपर्यंत उष्णता जाते. २२० डिग्रीला पंधरा मिनिटं, मग २०० ला पंचवीसतीस. उलटा करून खाली टकटक केलं की पोकळ आवाज आला पाहिजे. पूर्वी हा जाड लोखंडी भांड्यात, झाकणावर निखारे ठेवून करायचे.

परेडबद्दल फार सांगत नाही, ती टीव्हीवर दिसतेच. एवढंच की ती प्रथाही अमेरिकेत आधी रुजली, न्यूयॉर्कची १७६२ ची, डब्लिनची सरकारी परेड पार १९३१ ची. मला बघायची आहे ती केरी जिल्ह्यातल्या डिंगल गावची, सकाळी सहाला अंधारात बासऱ्या आणि ड्रम वाजवत निघते. आयर्लंडच्या पंतप्रधानाने व्हाइट हाऊसला जाऊन अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना शॅमरॉकचं भांडं द्यायचीही रीत आहे, आणि २०१८ मध्ये ते देणारा पंतप्रधान होता लिओ वराडकर, ज्याचे वडील आपल्या मालवण तालुक्यातल्या वराडचे. ही गोष्ट मी आजीला दरवर्षी सांगतो, ती दरवर्षी पहिल्यांदा ऐकल्यासारखं करते.

संध्याकाळ पबची, पण ऐकून नवल वाटेल, १९२७ च्या कायद्याने या दिवशी पब बंद असायचे, ते १९६०च्या सुमारापर्यंत. डब्लिनमध्ये प्यायची सोय होती ती रॉयल डब्लिन सोसायटीच्या डॉग शोमध्ये, त्यामुळे त्या दिवशी शहरात अचानक श्वानप्रेमी फार वाढायचे.

शेवटी शॅमरॉक बुडवायचा. दिवसभर कोटावर असलेला झुबका काढून शेवटच्या ग्लासात टाकायचा, व्हिस्की असो की बिअर, सगळ्यांच्या नावाने पिऊन टाकायचा, आणि तळाशी राहिलेला ओला पाला डाव्या खांद्यावरून मागे फेकायचा. फेकण्याआधी मागे कोण बसलंय ते बघून घ्या, आणि त्याआधी सेफ्टी पिन काढलीय ना तेही.