गळीत हंगाम सुरू आहे: जनावरं नुसत्या उसाच्या वाड्यावर ठेवू नका

धुराडी पेटली, तोडकऱ्यांच्या टोळ्या फडात उतरल्या, की कराडपासून वाळव्यापर्यंत आणि पलूसपासून मिरजेपर्यंत गोठ्यागोठ्यात एकच वैरण दिसते. उसाचं वाडं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे. सकाळी वाडं, संध्याकाळी वाडं, असे चार-पाच महिने. हिरवं आहे, जनावर आवडीनं खातं, पोट भरतं, विकत घेतलं तरी पेंढी स्वस्तच पडते. म्हणून लसूणघासाकडे दुर्लक्ष होतं आणि कडबा तसाच गंजीला राहतो. नुकसान याच वेळी सुरू होतं. दिसतं मात्र माघ-फाल्गुनात.

गेल्या हंगामात कृष्णाकाठच्या एका गोठ्यावरून मला पहाटे बोलावणं आलं. चौथ्या वेताची एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन) गाय, आदल्या संध्याकाळी व्यायलेली. मान कुशीकडे वळवून पडली होती, कान गार, अंग गार. थंडीनं गारठली असं समजून घरच्यांनी रात्रभर अंगावर पोती टाकली आणि बाटलीनं गुळाचं पाणी पाजलं. डॉक्टर पोचायच्या आत गाय गेली. हा दुग्धज्वर, म्हणजे व्याल्यावर रक्तातलं कॅल्शियम एकदम घसरणं. गव्हाणीत तेव्हाही वाडंच होतं. त्या घरानं दिवाळीपासून दुसरं काही टाकलं नव्हतं आणि खनिज मिश्रणाचं पोतं कोपऱ्यात शिवलेलंच होतं.

वाड्यात ऑक्झालेट असतं. ते पोटात कॅल्शियमला धरून बसतं आणि दोन्ही मिळून शेणावाटे बाहेर पडतात. म्हणजे तुम्ही दिलेलं कॅल्शियमसुद्धा अंगी लागत नाही. इकडे दुधाच्या प्रत्येक लिटरमागे साधारण 1.2 ग्रॅम कॅल्शियम बाहेर जातं. 15 लिटरच्या गाईचे रोजचे 18 ग्रॅम नुसत्या दुधात गेले. ते वैरणीतून आलं नाही तर गाय स्वतःच्या हाडांतून काढते. काही महिने तसं चालतं. मग दूध घटतं, गाय उलटते (गाभ धरत नाही), वार अडकते, अंग बाहेर येतं, उठताना पाय कापतात. भिंत चाटणं, चिंध्या-हाडकं चघळणं सुरू झालं तर समजा की स्फुरदही (फॉस्फरस) कमी पडतंय, कारण वाड्यात तेही पुरेसं नसतं. म्हैस व्याल्यावर दोन-चार आठवड्यांत लघवी तांबडी किंवा कॉफीसारखी झाली, तर ती उष्णता म्हणून सोडून देऊ नका. त्याच दिवशी डॉक्टर बोलवा.

वाडं बंद करा असं मी म्हणत नाही. आपल्या भागात ते परवडणारही नाही. पण ते निम्म्यावर आणा. एकूण हिरव्या वैरणीत वाडं अर्ध्यापेक्षा जास्त नको, हा माझा गोठे बघून बसलेला अंदाज आहे. उरलेल्या अर्ध्यात लसूणघास, चवळी, शेवरी यांतलं काहीतरी हवंच, कारण द्विदल चाऱ्यात कॅल्शियम भरपूर असतं. ज्यांच्याकडे पाणी नाही त्यांनी हरभऱ्याचा किंवा सोयाबीनचा भुसा तरी कुट्टीत मिसळावा. एक चूक हमखास होते: वाडं कमी करून त्याची जागा हत्तीघासानं (नेपियरनं) भरतात. संकरित नेपियरमध्येही ऑक्झालेट असतं. त्यानं दुखणं तसंच राहतं.

आता चुन्याच्या निवळीबद्दल. वाड्यावर निवळी शिंपडा असं सगळे सांगतात, मीही सांगतो. कळीचा चुना लोखंडी पिंपात रात्री विरवायचा. विरताना तो उकळतो, तेव्हा पोरांना लांब ठेवा आणि प्लास्टिकची बादली वापरू नका. सकाळी वरचं नितळ पाणी तेवढं घ्यायचं, खालचा गाळ जनावराच्या पोटात जाता कामा नये. 10 किलो कुट्टीला दोन-तीन लिटर शिंपडून तासभर ठेवा, मग गव्हाणीत टाका. रंगाचा डबाबंद चुना चालणार नाही. पण निवळी दिली म्हणजे काम झालं असं समजू नका. चुना पाण्यात फार विरघळतच नाही, लिटरभर निवळीत कॅल्शियम जेमतेम एक ग्रॅम येतं. खरी भर खनिज मिश्रणातूनच पडते. दुभत्या जनावराला रोज 100 ग्रॅम, भाकडाला 50 ग्रॅम. पोत्यावर कॅल्शियम 20 टक्के आणि फॉस्फरस 12 टक्क्यांच्या आसपास आहे का, ते वाचून घ्या. म्हणजे 100 ग्रॅममध्ये 20 ग्रॅम कॅल्शियम आलं. आंबोणात (पेंड-भरड्यात) कालवून द्या, नुसतं गव्हाणीत भुरभुरलं तर फुंकरीनं उडून जातं.

दुकानदार पातळ कॅल्शियमचा पाच लिटरचा कॅन पुढे करील. घेण्याआधी लेबल वाचा. 100 मिलीत 1,700 मिलिग्रॅम कॅल्शियम लिहिलं असेल, तर ते दोन ग्रॅमही भरत नाही, आणि पैसे मात्र खनिज मिश्रणाच्या कितीतरी पट. गाभण गाईला शेवटचे तीन आठवडे तर या बाटल्या अजिबात नकोत. त्या दिवसांत बाहेरून भरमसाट कॅल्शियम मिळालं की हाडांतून कॅल्शियम काढायची तिची सवय मोडते, आणि व्याल्यावर एकदम गरज पडली की गाय खाली बसते. तेव्हा वाडं कमी, सुका चारा आणि थोडं आंबोण एवढं पुरे. ‘व्यायच्या आधी दोन बाटल्या पाजा’ असा सल्ला देणाऱ्या दुकानातून घरी परत या.

ऊस वाहणाऱ्या बैलांचं कोणीच बघत नाही. दिवसभर ओझं, पाणी कमी, खायला नुसतं वाडं. यातून मूतखडा धरतो, आणि बैलाची मूत्रनळी अरुंद असल्यानं खडा अडकतो. बैल लघवीला ताणतोय, थेंबथेंब येतंय, पोटावर लाथा मारतोय असं दिसलं तर गाडी तिथंच सोडा आणि डॉक्टर बोलवा. रोज 30 ग्रॅम मीठ द्या आणि खेपेगणिक पाणी दाखवा.

बाकीची कामं:
- वाड्याची कुट्टी करूनच द्या.
- बुरशी आलेलं, काळं पडलेलं वाडं उकिरड्यात टाका.
- वैरण बदलायची तर आठ-दहा दिवसांत हळूहळू.
- थंडीत पहाटे हौदाचं पाणी नको, विहिरीचं ताजं पाजा.
- कडबा झाकून ठेवा.
- जंताचं औषध शेण तपासून, डॉक्टरांच्या सल्ल्यानं.

जनावर व्यालं की पहिले तीन दिवस रात्री एकदा उठून बघा. धाप, लडखडणं, गार कान, एका अंगावर पडून मान वळवणं, यांतलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. तोंडावाटे पाणी, तेल, गूळ काही घालू नका. गिळता येत नसतं, ते फुप्फुसात जातं. दोन्ही बाजूंना भुशाची पोती लावून जनावर छातीवर बसतं ठेवा. 1962 या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन करा किंवा जवळचे पशुवैद्यक आणा. कॅल्शियमचं सलाईन शिरेतून, सावकाश, त्यांनीच द्यायचं. घाईनं सोडलं तर हृदय बंद पडतं, म्हणून गावातल्या सुईवाल्याच्या हाती देऊ नका. जनावर उठल्यावर पुढचे दोन दिवस कास पूर्ण पिळू नका, वासराला लागेल तेवढंच काढा.